मिश्रीच्या डबीवरची राजकन्या

आमच्या घरात या डबीला कुणी कधी ऐतिहासिक वगैरे म्हटलं नाही. ती आजीची मिश्रीची डबी होती. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, बोटांनी चुरायची आणि डबीत भरायची. दुपारचं जेवण आटोपलं की उंबऱ्यावर बसून चिमूटभर हिरड्यांना लावायची. आजीच्या हिरड्यांचं शेवटी काय झालं ते पाहिलेलं असल्यामुळे या सवयीबद्दल मला जराही हळवेपणा नाही. डबी मात्र डोळ्यांत भरण्यासारखी होती. पितळी, चपटी, झाकणावर उठावात एका बाईचं तोंड. आम्ही पोरं तिला 'राणी' म्हणायचो.

आजीनंतर डबी धाकट्या काकांच्या कपाटात गेली. गेल्या वर्षी गावचं जुनं घर उतरवायला काढलं, तेव्हा काकांनी ती माझ्याकडे दिली. "तुला जुन्या वस्तूंचं याड, आता तूच संभाळ." सोबत फडक्यात गुंडाळलेला एक काळपट धातूचा तारा होता, पणजोबांचा 'बिल्ला'. "आणि चांदीचा बिल्ला व्हता त्यो," मी विचारायच्या आधीच काका म्हणाले, "त्यो आत्तीच्या लग्नात पैंजणात गेला."

पणजोबा खडकीच्या 'सापर-मायनर'मध्ये, म्हणजे पूल-सुरुंगाचं काम करणाऱ्या लष्करी दलात होते आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आले, एवढीच माहिती आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. सातारा जिल्ह्यात याचं कुणाला नवल नाही. एकट्या अपशिंग्यातून त्या युद्धावर कितीतरी जण गेले. गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. तेव्हा आमचाही एक जण गेला होता, यापलीकडे कुणी काही विचारलं नव्हतं.

पुण्याला परतल्यावर भिंग घेऊन झाकण वाचायला बसले. मळ इतका, की आधी नुसत्या बोटालाच खाचखळगे लागत होते. टॉर्च सरळ वरून धरली तर काहीच दिसत नाही. बाजूनं, जवळजवळ आडवी धरली की सावल्या पडतात आणि अक्षरं वर येतात. मधोमध डावीकडे पाहणारा एका तरुण मुलीचा चेहरा, भोवती लॉरेलच्या पानांची माळ, दोन्ही बाजूंना इंग्रजी 'एम'. वरच्या पट्टीत 'इम्पेरियम ब्रिटानिकम', तिच्या दोन अंगांना तलवार आणि म्यान. खालच्या पट्टीत 'ख्रिसमस १९१४', आणि तिच्या दोन्ही बाजूंनी लाटा फोडत येणाऱ्या युद्धनौकांच्या नाळी, म्हणजे पुढची टोकं. चार कोपऱ्यांत चार गोल, प्रत्येकात एका दोस्त राष्ट्राचं नाव: बेल्जियम, जपान, माँटेनेग्रो आणि सर्बिया (झाकणावर 'सर्व्हिया', त्या काळी तसंच लिहीत). फ्रान्स आणि रशिया कडांशी, गुंडाळलेल्या निशाणांवर.

शोधायला मग वेळ लागला नाही. ही 'प्रिन्सेस मेरी गिफ्ट बॉक्स'. गेटवे ऑफ इंडिया ज्याच्या येण्याची आठवण म्हणून उभा राहिला, त्या पंचम जॉर्जची मेरी ही मुलगी. १९१४ च्या ऑक्टोबरात, वयाच्या सतराव्या वर्षी, तिच्या नावानं ब्रिटनमध्ये जाहीर आवाहन झालं: आघाडीवरच्या प्रत्येक सैनिकाला आणि खलाशाला नाताळची भेट पाठवायची आहे. आधी म्हणे तिला हा खर्च स्वतःच्या पैशातून करायचा होता, पण ते झेपणारं नव्हतं. लोकांनी १,६२,५९१ पौंड जमवून दिले. पैसे इतके आले की आघाडीपुरती ठरलेली भेट पुढे त्या नाताळच्या दिवशी राजाचा गणवेश अंगावर असलेल्या प्रत्येकाला द्यायचं ठरलं. तो आकडा सव्वीस लाखांच्या घरात जातो. त्यातल्या साडेतीन लाखांहून थोड्या जास्त डब्या वेळेत पोचल्या, उरलेल्यांना पुढची काही वर्षं लागली. पितळेचाच तुटवडा होता, तोफगोळ्यांना लागत होतं ना. अमेरिकेहून मागवलेल्या पितळी पट्ट्यांचा एक मोठा साठा तर मे १९१५ मध्ये 'लुसिटानिया' बोटीबरोबर समुद्राच्या तळाशी गेला.

झाकणाकडे बघता बघता एक गोष्ट खटकली. चिमुकलं माँटेनेग्रो आहे, जपान आहे. इटली नाही, कारण ती पुढच्या वर्षी युद्धात उतरली. भारत कुठेच नाही. नसणारच म्हणा, तो वरच्या 'इम्पेरियम ब्रिटानिकम'च्या पट्टीत जमा. त्या वेळी फ्रान्समध्ये लाहोर आणि मीरत अशा दोन अख्ख्या भारतीय डिव्हिजन चिखलात उभ्या होत्या.

पण मला खरा धक्का झाकणानं नाही, आतल्या मालाच्या यादीनं दिला. डबी मुळात तंबाखूचीच. ओढणाऱ्या गोऱ्या सैनिकाला तीत एक औंस पाइपची तंबाखू आणि पिवळ्या कागदातल्या वीस सिगारेटी, शिवाय पाइप, लायटर, राजकन्येचा फोटो आणि नाताळचं कार्ड. न ओढणाऱ्याला लिमलेटसारख्या आंबट गोळ्या आणि लिहायचं साहित्य. परिचारिकांना चॉकलेट. मग भारतीय सैनिकांचं काय? भेटीचं काम पाहणाऱ्या समितीनं त्याची वेगळी वाटणी केली होती, आणि तिची नोंद उपलब्ध आहे. गुरख्यांना ब्रिटिश सैनिकांसारखंच. शिखांना तंबाखू चालत नाही म्हणून डबीत खडीसाखर, आणि सोबत मसाल्याची पत्र्याची छोटी डबी आणि कार्ड. 'बाकी सर्व भारतीय सैनिकां'ना सिगारेटचं पाकीट, खडीसाखर, मसाल्याची डबी आणि कार्ड. पणजोबा या 'बाकी'मध्ये.

शेवटी भिश्ती. फौजेबरोबरच्या बिनलढाऊ नोकरांना समितीनं सरसकट हे नाव दिलं होतं. त्यांना मसाल्याची डबी आणि कार्ड. पितळी डबी नाही.

धर्माची अडचण लक्षात घेऊन शिखांच्या डबीतून तंबाखू काढणारी माणसं बेपर्वा नव्हती, हे मी मान्य करते. कुणीतरी बसून विचार केला होता. खंदकात बसलेल्या माणसाला मसाला हवासा वाटेल, हे लंडनमधल्या एखाद्या टेबलाशी कुणाला तरी सुचलं, याचं मला कौतुकच वाटतं. पण तोच माणूस यादीच्या तळाशी येऊन पाणक्याच्या नावापुढची पितळी डबी खोडतो. पाणी वाहणाऱ्याला गोळी काय कमी लागते? या डबीबद्दल जे लिहिलं जातं त्यात राजकन्येची दानत फार असते, ही शेवटची ओळ क्वचित.

आता स्वच्छतेचं. डबी पाहिलेल्या प्रत्येकानं मला चिंच सुचवली. चिंच-मीठ, लिंबू, राख, डब्यातली पावडर. पितळ दिसलं की मराठी माणसाचा हात शिवशिवतो. संग्रहालयात धातूच्या वस्तूंच्या जतनाचं काम करणारी एक मैत्रीण आहे, तिनं आधीच दम भरला होता: आंबट काही लावशील तर बोलणार नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लानं वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि जागोजागी गुलाबी तांबूस डाग उठतात, ते परत जात नाहीत. शिवाय घासताना दर खेपेला उठाव थोडा थोडा झिजतो. बाजारात दिसणाऱ्या अशा पुष्कळ डब्यांवर राजकन्येला नाक उरलेलं नसतं, ते शंभर वर्षांच्या पॉलिशमुळे.

आधी खरी-खोटी पाहून घेतली, कारण याच्या नकलाही निघाल्या आहेत. लोहचुंबक चिकटला नाही. लांबी पाच इंचांना लागून, रुंदी सव्वातीन, उंची सव्वा इंच, मापं जुळली. झाकण दुहेरी पत्र्याचं, तेही जुळलं. आणि नक्कल करणारा कुणी बिजागरीच्या फटीत मिश्री भरणार नाही.

मग काम सुरू झालं. पहिल्यांदा कोरडा मऊ ब्रश, चित्रकलेचा. सुटी धूळ गेली. त्यानंतर ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, त्यात कापसाचा बोळा काडीला गुंडाळून ओला करायचा, पिळायचा आणि झाकणाच्या नखाएवढ्या भागावरून टेकवत न्यायचा. घासायचा नाही, फिरवायचा. बोळा लगेच चॉकलेटी होतो. तो टाकायचा, दुसरा घ्यायचा; मळका बोळा परत लावला तर त्यातली कचच पत्र्याला ओरखडे पाडते. चिकट, तेलकट थराला साबण पुरला नाही, तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल. खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून. अल्कोहोल लागलं आणि खोलीभर मिश्रीचा वास सुटला. इतक्या वर्षांनी! शेजारच्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, काय जळतंय?

उजव्या बाजूच्या युद्धनौकेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ती नुसतं एक टेंगूळ होती. बोळ्यामागून बोळे बदलत गेले तेव्हा आधी नाळ दिसली, मग तिच्यापुढे उसळलेल्या लाटेच्या रेघा एकेक करून, केसाइतक्या बारीक. आजीच्या अंगठ्याची जागा डावीकडची असावी, कारण त्या बाजूची बोट पार गुळगुळीत झाली आहे. उजवीवर मळ साचत गेला आणि त्या मळानंच तिला जपलं.

बिजागरीवर हिरवट गंज होता. तिथे बांबूची टोकदार काडी, दातकोरणीसारखी, भिंगाखाली. लोखंडी सुई नाही. झाकण अडत होतं पण जोर केला नाही. फटीतला भुगा निघाल्यावर ते आपसूक मोकळं झालं.

डबीच्या आतल्या बाजूवरून मैत्रिणीचं आणि माझं थोडं वाजलं. तळाला आणि कोपऱ्यांत मिश्रीचा काळा थर बसलेला. तिचं म्हणणं, तंबाखू हवेतली ओल धरून ठेवते, खाली पितळ खात राहील, काढून टाक. माझं म्हणणं, डबीच्या आयुष्यातला नाताळचा भाग काही दिवसांचा, मिश्रीचा साठ-सत्तर वर्षांचा. तो पुसून खडीसाखरेची डबी म्हणून मिरवायची कशी? मधला मार्ग निघाला. सुटी पूड ब्रशनं गोळा करून काचेच्या छोट्या बाटलीत बंद केली. जिथे हिरवं दिसत होतं तिथला थर काढला. पत्र्याला घट्ट धरून बसलेला पातळ काळा थर तसाच ठेवला आणि डबीशेजारी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात त्या बदलाव्या लागतात.

डबी उलटी केल्यावर बुडाला ठिपके दिसले. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तसं, खिळ्याच्या ठिपक्याठिपक्यांनी आजीचं नाव, पुढे 'सौ.', खाली आमच्या गावाचं नाव. एखाद्या जत्रेत तांब्या-ताटांबरोबर ही डबीही नाव घालायला पुढे केली असणार. पुण्यात जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याला सहज दाखवली तर तो हळहळला. "खाली नाव घातलंय हो. नाहीतर गिऱ्हाईक होतं." मला तर या अख्ख्या वस्तूवर तेवढा एकच मजकूर आमच्या घरानं लिहिलेला वाटतो. विकायची नव्हतीच, पण त्याच्या त्या वाक्यानंतर मी डबीचा फोटो काढताना आधी बुडाचा काढते.

शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात, सुती कापडानं पुसून. चकाकत नाही. जुन्या पितळेचा मधासारखा रंग आला, आणि घामाच्या बोटांपासून संरक्षण झालं.

ताऱ्याला मात्र कोरड्या ब्रशशिवाय काही लावलं नाही. तो काशाचा, म्हणून आत्याच्या पैंजणांतून वाचला. समोर दोन आडव्या तलवारी, मुकुट, आणि पट्ट्यांवर 'ऑग', '१९१४', 'नोव्ह'. ही 'ऑग' आणि 'नोव्ह' ही दोन अक्षरंच महत्त्वाची. याच घडणीचा दुसरा तारा आहे, त्यावर नुसतं '१९१४-१५' असतं, आणि तो खूप जणांना मिळाला. हा पहिला तारा फक्त त्यांना, जे ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये कामगिरीवर होते. मागची बाजू सपाट असते आणि तिच्यावर माणसाचं नाव ठोकलेलं असतं. परत टॉर्च आडवी. नंबर, हुद्दा सॅपर, इंग्रजी स्पेलिंगमध्ये ओळखू न येणारे आमचे पणजोबा, आणि शेवटी तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सची खूण. तिसरे म्हणजे मुंबईचे, ठाणं खडकी. घरातली 'सापर-मायनर'ची गोष्ट अक्षरशः खरी निघाली.

म्हणजे नोव्हेंबर उलटायच्या आत ते फ्रान्समध्ये होते. तिसऱ्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर गेल्या होत्या. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये तुकड्यांच्या युद्धदैनंदिन्या आहेत, पैसे भरून त्यांच्या प्रती संगणकावर उतरवून घेता येतात. त्या घेतल्या. अक्षर घाईचं, पेन्सिलीचं. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं सापडतात. हिंदी सैनिक बहुतेक वेळा नुसते आकड्यांत. पणजोबांचं नाव भेटेल या आशेनं पानं चाळणाऱ्यानं मनाची तयारी ठेवावी. पंजाबातल्या तीन लाखांवर सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात होत्या, त्या आता संगणकावर गावनिहाय शोधता येतात. सातारा-रत्नागिरीकडच्यांसाठी तशी सोय मला मिळाली नाही. आपल्याकडे आधार म्हणजे घरातली पदकं आणि गावोगावी लावलेल्या संगमरवरी पाट्या, अमुक जण गेले, अमुक परतले नाहीत.

या दोन्ही कंपन्यांचं नाव इतिहासात येतं ते २८ ऑक्टोबर १९१४ मुळे. न्यूव्ह शापेल हे गाव जर्मनांनी घेतलं होतं. ते परत घेण्यासाठी ४७ व्या शीख पलटणीबरोबर या सॅपरांना पायदळ म्हणून पुढे धाडलं. ज्यांचं काम पूल बांधायचं, सुरुंग लावायचं, खंदक खणायचं, ती माणसं घराघरांतून संगिनींनी लढली. गावात शिरली, पण पाठीमागून कुमक न आल्यानं मागे फिरावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे बहुतेक सगळे इंग्रज अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले, जवानांचीही दाणादाण उडाली. आज त्याच गावाशी भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, हर्बर्ट बेकरनं आराखडा केलेलं, १९२७ साली उघडलेलं. ज्यांची थडगी नाहीत अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं त्यावर आहेत. पणजोबांचं तिथे नाही, म्हणून मी हे लिहिते आहे.

डिसेंबरात गिव्हेंशीला पुन्हा मोठी लढाई झाली, आणि २२ तारखेच्या सुमाराला दमलेल्या भारतीय कोअरला, म्हणजे त्या दोन डिव्हिजनच्या फौजेला, आघाडीवरून मागे घेतलं. नाताळ आला तेव्हा त्यातले बहुतेक जण पिछाडीला विसाव्याला होते. डबी हातात पडली ती तेव्हा, किंवा त्यानंतर. सिगारेटी त्यांनी ओढल्या असतील. खडीसाखर तर उरणं शक्यच नव्हतं. मसाल्याच्या पत्र्याच्या डबीचा मी खूप माग काढला, विक्रीच्या याद्यांत आणि संग्रहांत. मला एकही पाहायला मिळाली नाही. मसाला संपला की पत्रा कोण ठेवतो? पितळेला आपल्याकडे मोल आहे, म्हणून तेवढी सातारपर्यंत आली.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते गप्प ऐकत होते. भिश्त्यांचं ऐकल्यावर म्हणाले, "म्हंजी तिथं बी तसंच." मग म्हणाले, मेण लावलंस त्याला खर्च किती आला.

इंग्लंडात राहणाऱ्या आतेबहिणीला फोटो पाठवले तर तिला डबी तिकडे हवी झाली. मूळ तिकडचीच आहे, पुढच्या वेळी बॅगेत टाकून आण म्हणाली. तिला १९७२ चा पुरावस्तू कायदा समजावून सांगावा लागला: शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती मूळची कुठलीही असो. विमानतळावर मिश्रीच्या डबीसाठी अडकायची माझी तयारी नाही. ती थोडी फुरंगटली, आणि पंधरवड्यात तिकडच्याच एका लिलावात तिनं स्वतःची विकत घेतली. सव्वीस लाख काढल्या होत्या, तिकडे काही दुर्मिळ नाहीत. मोठ्या कौतुकानं फोटो पाठवला. डबी आरशासारखी चकाचक, राजकन्येचं नाक सपाट, आणि खाली विचारलंय, अजून चमकवायला काय लावू?